पाचवे शील आणि घरातील मौन : व्यसनाच्या पूर्वखुणा कशा ओळखाव्यात?

दर रविवारी सकाळी आपण विहारात जमतो, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलाचे शब्द उच्चारताना लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांचा आवाज एक होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्याआधी १४ वर्षे, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरातच भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना स्वच्छ राहण्याचा आणि व्यसनांपासून दूर राहण्याचा उपदेश केला होता. म्हणजे हा विषय आपल्याला नवा नाही. व्यसन वाईट आहे, हे आपल्या समाजातील शाळकरी पोरही सांगू शकेल.

मग या लेखाचे प्रयोजन काय? व्यसनाचे दुष्परिणाम पुन्हा सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. आमचा अनुभव असा आहे की, ज्या घरात व्यसन शिरते ते घर हळूहळू विहारात येईनासे होते. प्रथम मुलगा येत नाही, मग वडील येत नाहीत, शेवटी आईही येत नाही. आपण रोज पंचशील म्हणतो आणि आपल्याच घरात शील मोडले, याची त्यांना लाज वाटते. लाजेपोटी ती माणसे गोष्ट लपवितात आणि लपविल्यामुळे दुखणे वाढते. ज्या शीलाने माणसाला सावरायचे, तेच शील लपविण्याचे कारण बनते. म्हणून व्यसनाच्या खुणा वेळेवर कशा ओळखाव्यात आणि ओळखल्यावर गप्प का बसू नये, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

वणीची घटना

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात करोनाच्या निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद होती. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातील वणी येथे काही जणांनी दारूऐवजी हाताला चोळायचे सॅनिटायझर प्राशन केले आणि त्यात सात जणांचा मृत्यू झाला. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून अनेकांनी कपाळाला हात लावला. ‘विष आहे हे ठाऊक असून कोणी पितो का?’ असा प्रश्न आम्हीही त्या वेळी विचारला होता.

परंतु विचार केला म्हणजे ध्यानात येते की, अशी पाळी एका दिवसात येत नाही. दारू मिळाली नाही म्हणून जो माणूस सॅनिटायझरला हात लावतो, त्याचे शरीर व मन त्यापूर्वी कित्येक महिने, कित्येक वर्षे व्यसनाच्या ताब्यात गेलेले असते. त्या काळात खुणा दिसत असतात. त्या घरच्यांना दिसतात, शेजाऱ्यांना दिसतात, मालकाला दिसतात. दिसतात, पण त्यांचा अर्थ कोणी लावत नाही. किंवा अर्थ लागतो, पण बोलत नाही.

व्यसन म्हणजे नेमके काय?

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मद्य अशी जुनी नावे आहेत. पण त्या शीलाचा भर ‘प्रमाद’ या शब्दावर आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. जी जी वस्तू मनाची सावधता हिरावून घेते ती ती या शीलात येते. त्यामुळे ‘मी दारू पीत नाही, फक्त गोळी घेतो,’ किंवा ‘गांजा ही तर वनस्पती आहे,’ अशा पळवाटांना येथे जागा नाही.

वैद्यकशास्त्राने व्यसनाधीनतेला आजार मानले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिच्या सहा खुणा दिल्या आहेत. पहिली, त्या पदार्थाची अनावर तलफ. दुसरी, किती घ्यायचे व केव्हा थांबायचे यावरचा ताबा सुटणे. तिसरी, पदार्थ न मिळाल्यास शरीराला त्रास होणे. चौथी, तीच झिंग येण्यासाठी प्रमाण वाढवावे लागणे. पाचवी, इतर सर्व आवडीनिवडी व कामे मागे पडणे. सहावी, नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही घेतच राहणे. वर्षभरात यांपैकी तीन किंवा अधिक खुणा एकत्र आढळल्या, तर तो माणूस व्यसनाधीन झाला असे डॉक्टर समजतात. २०२२ पासून या वर्गीकरणाची नवी आवृत्ती लागू झाली असली, तरी तिचा गाभा हाच आहे.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मेंदूत आनंदाशी व इच्छेशी निगडित असे डोपामीन नावाचे रसायन असते. चांगले जेवण, खेळातील यश, मायेचा शब्द यांनी ते थोडे थोडे स्रवते. मादक पदार्थ ते एकदम लोंढ्यासारखे सोडतात. असे वारंवार झाले की मेंदू त्या लोंढ्याला सरावतो आणि साध्या गोष्टींतला आनंद त्याला पुरेनासा होतो. सुरुवातीला माणूस मौजेसाठी घेतो; पुढे पुढे केवळ त्रास होऊ नये म्हणून घेतो. ‘मनावर घेतले तर सोडता येईल,’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, ज्या मनावर घ्यायचे ते मनच आजारी पडलेले असते.

सिगालाला सांगितलेली सहा संकटे

वैद्यकशास्त्राच्या या सहा खुणा बहुतांशी रुग्णाच्या आत घडणाऱ्या आहेत. घरच्यांना त्या थेट दिसत नाहीत. घरच्यांसाठी दुसरी एक सहाचीच यादी आहे आणि ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला तथागतांनी गृहस्थधर्म समजावून दिला. त्यात मादक पदार्थांच्या नादी लागण्यातून येणारी सहा संकटे सांगितली आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बलता. हा उपदेश आपण दुष्परिणामांची यादी म्हणून ऐकतो. आमचे म्हणणे असे की, तो ओळखण्याच्या खुणांची यादी म्हणूनही वाचावा. एकेक संकट लहान असतानाच दिसू लागते.

१) धनहानी. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. माणसाच्या घरात काय चालले आहे, हे पुष्कळदा पासबुकावरून आधी कळते. महिन्यातून एकदा पैसे काढणारा माणूस आठवड्यातून दोनदा येऊ लागतो. रक्कम लहान, पण फेऱ्या वाढतात. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली जाते. सोनेतारण कर्ज घेतले जाते आणि कारण विचारले तर उत्तर एकसारखे मिळत नाही. आता मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून एकाच ठिकाणी दररोज साठ, ऐंशी, शंभर रुपये गेल्याच्या नोंदी दिसतात. घरात पाहावे, तर खिशातल्या नोटा कमी होतात, तांब्यापितळेची भांडी, सायकल, मोबाइल नाहीसे होतात, परीक्षेची फी दोनदा मागितली जाते.

आमच्या ओळखीच्या एक वृद्ध भगिनी दरमहा कुटुंब निवृत्तिवेतन काढण्यास येत. त्यांचा मुलगा हुशार होता, स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता, विहाराच्या अभ्यासिकेत नेमाने बसे. काही महिन्यांनी त्या दर चार दिवसांनी येऊ लागल्या. मुलगा बाहेर उभा असे. एकदा आम्ही सहज विचारले, तेव्हा त्या खाली पाहून म्हणाल्या, ‘तब्येत बरी नाही त्याची, भाऊ. औषधाला लागतात.’ आम्ही स्लिप पुढे सरकवली आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली. या प्रसंगाकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येऊ.

२) कलह. शांत मुलगा चिडखोर होतो. साध्या प्रश्नावर अंगावर येतो. ‘कुठे गेला होता?’ एवढे विचारले तरी ताट भिरकावतो. दुसऱ्या दिवशी तोच रडतो, शपथा घेतो आणि चार दिवसांत पुन्हा तेच. अशा भांडणांत एक क्रम असतो : भांडण, पैसे, बाहेर जाणे, उशिरा परतणे, मग गाढ झोप. हा क्रम वारंवार दिसला तर त्याला केवळ ‘तरुण रक्त’ म्हणून सोडून देऊ नये.

३) रोग. येथे पदार्थागणिक खुणा वेगळ्या असतात, म्हणून थोडा तपशील देणे आवश्यक आहे.

खर्रा : आपल्या विदर्भात बहुतेक मुलांची सुरुवात पानठेल्यावर, सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून केलेल्या खर्ऱ्याने होते. राज्यात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. तिखट भाजी खाताना तोंडाची आग होणे, गालाची आतली बाजू पांढरट व ताठ होणे आणि तोंड पूर्ण न उघडणे या त्याच्या खुणा होत. स्वतःची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालून पाहावी. ती जात नसतील तर लगेच दंतवैद्याला दाखवावे. ही कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते.

दारू : सकाळी उठल्यावर हात थरथरणे, घाम, मळमळ, भूक मरणे आणि एक घोट घेतल्यावर हे सारे थांबणे ही फार महत्त्वाची खूण आहे. वास लपविण्यासाठी सतत बडीशेप किंवा वेलदोडा तोंडात ठेवणे, डोळे व त्वचा पिवळसर दिसणे, पायांवर सूज येणे याही खुणा आहेत.

गांजा : डोळे लाल होणे, कपड्यांना जळक्या गवतासारखा वास, अवेळी फार भूक, उगाच हसणे, नंतर सुस्ती. काहींना आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे असे वाटू लागते.

झोपेच्या गोळ्या व खोकल्याचे औषध : तोंडाला वास नाही, पण बोलणे अडखळते, पाय लटपटतात, बसल्या बसल्या डुलकी लागते. दप्तरात किंवा गादीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटे व औषधाच्या बाटल्या सापडतात.

सोल्यूशन व व्हाइटनर : पंक्चर काढण्याचे सोल्यूशन किंवा खोडरंग रुमालात घेऊन हुंगणारी मुले लहान वयाची असतात. कपड्यांना रसायनाचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, डोके दुखणे या खुणा होत. यात पहिल्याच वेळीही हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो.

ब्राउन शुगर म्हणजेच गर्द : डोळ्यांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. काळे पट्टे पडलेले चंदेरी कागद व जळलेल्या काड्या सापडतात. पदार्थ मिळाला नाही की नाक व डोळे वाहणे, सतत जांभया, अंगावर काटा, हातपाय मोडून येणे, जुलाब अशी लक्षणे दिसतात. घरचे त्याला सर्दी-ताप समजतात.

एमडी : २०१५ साली हा पदार्थ अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत घालण्यात आला. घेणारा एक-दोन रात्री झोपत नाही, फार बोलतो, जबडा आवळतो, बाहुल्या मोठ्या दिसतात आणि नंतर दिवसभर मेल्यासारखा झोपतो. वजन झपाट्याने उतरते.

४) अपकीर्ती. गावाला आधी कळते आणि घराला शेवटी. जुने मित्र येईनासे होतात, नवे मित्र घरात न येता कोपऱ्यावरून शिट्टी मारतात किंवा फोन करतात. शिक्षकांची तक्रार येते, दुकानदार उधारी मागायला येतो. अशा वेळी ‘लोक जळतात आमच्यावर,’ असे म्हणून सांगणाऱ्यालाच शत्रू ठरविण्याची आपली वृत्ती असते. सांगणारा कडू बोलला तरी त्याचे ऐकून घ्यावे.

५) निर्लज्जता. ज्याला इस्त्रीशिवाय सदरा चालत नव्हता, तो दोन-दोन दिवस आंघोळ करीत नाही. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालतो, कारण हातावर सुईच्या खुणा असतात. खोटे बोलताना पूर्वी नजर खाली जायची, ती जाईनाशी होते.

६) प्रज्ञेची दुर्बलता. हे शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत मोठे संकट आहे. वाचलेले लक्षात राहत नाही, गुण घसरतात, पुस्तक उघडे राहते आणि पान उलटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके शिक्षणापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या मुलाची बुद्धी पानठेल्यावर गहाण पडावी, यासारखी हानी दुसरी नाही.

एका खुणेवरून निकाल देऊ नये

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. रात्रभर अभ्यास करणाऱ्याचेही डोळे लाल होतात. प्रेमभंग, नोकरीची चिंता, नापिकी, कर्ज यांनीही माणूस घुमा होतो. नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यातही झोप, भूक व वजन बिघडते. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे शिकविले. तोच नियम येथे लावावा. एक खूण दिसली तर लक्ष ठेवावे. तीन-चार खुणा एकत्र आणि काही आठवडे टिकून राहिल्या, तर बोलावे. तुलना शेजारच्या मुलाशी करू नये. आपलाच मुलगा सहा महिन्यांपूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, हे पाहावे. आणि ही दृष्टी केवळ मुलांसाठी नाही. घरातील कर्ता पुरुष, निवृत्त आजोबा, क्वचित घरातील स्त्रीही यातून सुटत नाही.

ओळखल्यावर काय करू नये?

मारझोड करू नये. खोलीत कोंडू नये. विशेषतः जो माणूस अनेक वर्षे रोज भरपूर दारू पितो, त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे आहे. शेवटचा प्याला घेतल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होणे, नसलेली माणसे किंवा किडे दिसणे असा प्रकार घडू शकतो आणि त्यात जीवही जातो. दारू बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

जेवणातून किंवा चहातून गुपचूप द्यावयाच्या ‘दारू सोडविणाऱ्या’ पुड्या-गोळ्या मुळीच आणू नयेत. काही औषधे पोटात असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो. जे औषध रुग्णाच्या संमतीने व तपासणीनंतर द्यायचे असते, ते चोरून दिले तर विष ठरते.

अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांच्या मागे आपण जायचे नाही, हे बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांना सांगावे लागू नये. पण आणखी एक अंधश्रद्धा आपल्यात आहे : ‘लग्न लावून दिले की सुधारेल.’ असे करून आपण एका आजाऱ्याचे दुखणे एका निरपराध मुलीच्या गळ्यात बांधतो. तसेच त्याची उधारी गुपचूप फेडणे, कामावर ‘ताप आला आहे’ असे खोटे कळविणे, ही माया वाटते; पण त्यामुळे व्यसनाची वाट मोकळी होते.

काय करावे?

तो शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, एकट्याने व शांतपणे बोलावे. ‘तू दारुडा आहेस’ असे न म्हणता जे पाहिले ते सांगावे : ‘बाळा, या महिन्यात तीनदा तू रात्री घरी आला नाहीस, हात थरथरताना मी पाहिले, मला भीती वाटते.’ दोषारोपाला माणूस उत्तर देतो. पाहिलेल्या गोष्टीला उत्तर देणे कठीण असते. पहिल्या वेळी तो नाकारील. पुन्हा बोलावे.

नंतर डॉक्टरकडे न्यावे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. मोडलेल्या हाडासाठी आपण जसे जातो तसेच हे आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे, तर मनाच्या कोणत्याही त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. बोलणाऱ्याला येण्याजाण्याचे भाडेही लागत नाही.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे उपचार टाळतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणातील पदार्थाबाबत आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद त्यात आहे. उलट, लहान मुलांना मादक पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या शाळेसमोरचा पानठेला या अंतरात आहे का, हे पालकांनी एकदा पावले टाकून मोजावे.

उपचाराने माणूस परत येतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९८० च्या दशकात गर्दने तरुणांना विळखा घातला, तेव्हा पत्रकार-लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. या केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालविला, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. व्यसनी एक असतो, पण दुखणे सगळ्या घराचे असते आणि घरालाही बोलण्यासाठी जागा हवी असते, हे त्यांनी ओळखले.

उपचारानंतर माणूस पुन्हा घसरू शकतो. त्याला ढोंगी म्हणू नये. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली तर आपण रुग्णाला डॉक्टरकडे नेतो, घराबाहेर काढीत नाही.

विहाराचे कर्तव्य

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसली ना कसली मदत मिळते. उरलेले ३७ जण कोठे असतात? ते आपल्या वस्तीतच, बंद दाराआड असतात.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतःच्या हातांनी त्या भिक्खूला स्वच्छ केले आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा असल्याचे भिक्खुसंघाला सांगितले. त्यांनी प्रथम त्याला धुतले, उठवून बिछान्यावर ठेवले. शील मोडलेल्या माणसाशी संघाने कसे वागावे, याचे उत्तर आम्हाला या प्रसंगात सापडते.

आता त्या वृद्ध भगिनींविषयी. पुढे त्यांची मुदत ठेवही मोडली गेली. रविवारची त्यांची विहारातील जागा रिकामी राहू लागली. आम्ही पाहिले, आमच्यासारख्या आणखी चार जणांनी पाहिले आणि ‘त्यांच्या घरची गोष्ट, आपण कशाला बोला,’ म्हणून सर्व गप्प राहिलो. बोलायला दोन वर्षे लागली. शेवटी विहारातील एक उपासिका स्वतः होऊन त्यांच्या घरी गेली, चहा प्यायली आणि काही न विचारता तासभर बसली. त्या दिवशी ती माउली प्रथमच रडली आणि सर्व सांगितले. मुलाला उपचारासाठी नेण्यात आले. तो एकदा घसरला, पुन्हा नेला. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो, दारूला शिवत नाही. परंतु परीक्षेचे वय निघून गेले आणि यकृताचे दुखणे मागे राहिले. दोन वर्षे आधी कोणी तो चहा प्यायला गेले असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. काउंटरवरची गुप्तता पाळणे आमचे कर्तव्यच होते. पण शेजारी म्हणून संध्याकाळी त्यांच्या दारात जाण्यास आम्हाला कोणत्या नियमाने अडविले होते?

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची नम्र सूचना अशी की, रविवारी वंदना झाल्यावर कोण आले हे मोजतो तसे कोण येईनासे झाले तेही पाहावे. सलग तीन रविवार एखादे घर दिसले नाही तर दोघांनी त्या घरी जावे. उपदेश करू नये, बसावे, चौकशी करावी. अभ्यासिकेच्या फळ्यावर १४४४६ व १४४१६ हे क्रमांक लिहून ठेवावेत. वर्षावासात एक दिवस डॉक्टरांना बोलावून या विषयावर प्रश्नोत्तरे ठेवावीत. विद्यार्थी मित्रांनी आपल्या मित्राचे व्यसन लपविणे म्हणजे मैत्री, ही समजूत सोडावी. मित्र रागावला तरी चालेल, पण त्याच्या घरी किंवा गुरुजींना वेळेवर सांगावे.

पाचवे शील आपण पुन्हा पुन्हा ग्रहण करतो, कारण चुकलेल्या माणसालाही ते पुन्हा घेता येते. त्याला ते घेता यावे म्हणून विहाराचे दार उघडे ठेवणे आणि त्याच्या दारापर्यंत चालत जाणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!